गुलाबी गोळीचा हेवा

औषधाच्या त्या दुकानात घरचीच तीन माणसं. सासरे बिलं करत, नवरा घरपोच औषधं द्यायला जाई आणि सून गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भरून देई. म्हणून तिचं नाव पडलं डबीताई. ती रक्तदाबही फुकट मोजायची. गल्लीभरच्या बातम्या वरकड.

त्या दिवशी समोरच्या घरातल्या थोरल्या काकू दंडाला पट्टा बांधून बसल्या. आकडा बघून डबीताईने पुन्हा एकदा मोजून पाहिलं. डबी दर आठवड्याला रिकामी परत येते आणि दाब मात्र उतरायचं नाव घेत नाही! डॉक्टर आता गोळी दुप्पट करणार होते.

"काकू, गोळ्या घेता ना?"

"घेते की. पण ती गुलाबी भारी कडू लागते गं."

डबीताई चमकली. काकूंच्या गोळ्या पांढऱ्या. गुलाबी गोळी त्यांच्या धाकट्या जावेची, थायरॉइडची.

"डब्या बदलता तुम्ही?"

"मग? तिला रंगीत आणि मला पांढरीफटक! ती लग्न होऊन आली तेव्हापासून हेच बघतेय. ती आंघोळीला गेली की बदलते."

"त्यांना कळत नाही?"

"चष्मा घालायला लाजते ना ती!"

डबीताईने परोपरीने समजावलं. आजार वेगळे, औषधं वेगळी, दोघींच्याही जिवावर बेतेल. काकू भाजीवाल्याचा भाव ऐकावा तशा ऐकत होत्या. एका कानाने आत, दुसऱ्याने बाहेर. औषधाबद्दल खोटं बोलायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक. डबीताईने इकडेतिकडे पाहिलं, काउंटरवर वाकली आणि आवाज उतरवला.

"कुठे बोलू नका हं. ही पांढरी गोळी फक्त तुमच्यासाठी आहे. धाकट्या काकूंनी मागितली तरी मी त्यांना देणार नाही."

"काय सांगतेस!"

काकूंनी नव्या आठवड्याची भरलेली डबी पर्सच्या तळाशी दडपली आणि लगबगीने घर गाठलं. सासरे मोठ्याने खाकरले.

"अक्षर न अक्षर खरं आहे, बाबा," म्हणत डबीताईने डॉक्टरांना फोन लावला. गोळी वाढवू नका, आणि धाकट्या काकूंनाही तपासायला बोलवा.

काही आठवड्यांनी काकूंचा दाब उतरला. डबीताईने सुटकेचा निःश्वास सोडला.

"उतरणारच," काकू कुजबुजल्या. "धाकटी खोदून खोदून विचारत होती, डबी कुलपात का ठेवता म्हणून. मी ताकास तूर लागू दिली नाही. बिचारीला गुलाबीवरच भागवावं लागतंय गं!"