फ्रेमवाला कापत नाही

बहरीनच्या जुन्या बाजारात, बाब अल बहरीन या वेशीमागे, फोटो फ्रेम करणारा रत्नागिरीचा एक मुसलमान होता. बारीक खिळे तोंडात धरूनच बोलायचा. नाही म्हणायचं असेल तेव्हाच ते काढायचा.

दुकानात जेरुसलेमचा मोठा फोटो विकायला होता. एका गिऱ्हाइकाला त्यातला फक्त सोनेरी घुमट हवा होता. याने खिळे काढले.

"कापणार नाही. ज्यूंच्या जुन्या मंदिराची भिंत इथंच. ख्रिस्ती म्हणतात येशूला क्रुसावर दिलं, तो पुन्हा उठला, तेही इथंच. आमचे पैगंबर इथूनच आसमानात गेले. घ्यायचा तर अख्खा घ्या."

गिऱ्हाईक निघून गेलं. मी आमच्या घरचा फोटो पुढे केला. जावेशी माझं बोलणं बंद होतं.

"हिला तेवढं कापून टाक."

"मावशी, तुम्हीपण?" त्याने पुन्हा खिळे काढले.

जाऊ अजून माझ्या भिंतीवर आहे.