साडेसात फुटांची गल्ली

नथूला हार्ट अटॅक आला तेव्हा अँब्युलन्स वेळेत आली आणि गल्लीच्या तोंडाशीच अडकली. मोबाइलच्या नकाशात रस्ता थेट घरापर्यंत होता. तो किती रुंद, हे नकाशाला कोणी सांगितलंच नव्हतं. मग चौघांनी नथूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नवरदेवासारखं बाहेर नेलं. नथू वाचला. तक्रार एकच, खुर्ची डुगडुगत होती.

त्याची बायको कांताबाई महू छावणीतल्या सुभेदाराची लेक, गणिताची रिटायर्ड मास्तरीण. नथू बरा होऊन घरी आल्यावर शहराच्या विजय नगर भागात आयटीत असलेली नात मैत्री तिला म्हणाली, "आजी, एक नकाशा लोकच मिळून बनवतात. रुंदी कोणीही भरू शकतं."

"मग बसलीस काय? दाखव."

दुसऱ्या दिवशी कांताबाई टेप घेऊन निघाली. डॉक्टरांनी नथूला चालायला सांगितलंच होतं, म्हणून दुसरं टोक त्याच्या हातात. महापालिकेचे निगमवाले तोडफोडीला आले समजून कोणी कुंड्या आत घेतल्या, कोणी चहा पाठवला. एकीनं शेजारणीच्या पायऱ्या दाखवल्या, "पहले इनका नापो."

साडीवाल्या रघुवीरचा ओटा गल्लीच्या तोंडाशीच सरळ रस्त्यात आला होता. तो म्हणाला, "बाईजी, बारा फूट लिहा ना. ओटा धरून तेवढं भरतंच."

"अँब्युलन्स काय तुमच्या ओट्यावरून नेऊ?"

तिनं साडेसात फूट भरले. दोन दिवसांनी नकाशात बारा फूट. तिनं दुरुस्त केलं, पुन्हा बारा. असं पाच वेळा झालं.

मग एका दुपारी रघुवीरचाच माल घेऊन ट्रक आला आणि ओटा व समोरची भिंत यांच्यात पाचरीसारखा बसला. ड्रायव्हर फोन नाचवत म्हणाला, "भिया, बारा फूट लिखा है इसमें." कोणी लिहिलं ते मैत्रीनं उघडून दाखवलं. नकाशात प्रत्येक बदलापुढे नाव असतं, आणि रघुवीरनं स्वतःचं नाव, तेही दुकानासकट, टाकलं होतं. गल्ली आठवडाभर हसली.

ट्रक सोडवायला ओटा दीड फूट तोडावा लागला. रघुवीर खाली मान घालून म्हणाला, "आता मोजा, बाईजी."

"नऊ," कांताबाई म्हणाली आणि लिहून घेतलं. एक शब्द जास्त बोलली नाही; नथू बोलला, भरपूर.

आता दोघांच्या एकशे चाळीस गल्ल्या मोजून झाल्यात. लालबागकडच्या आधी घेऊ, असं नथू रोज सुचवतो. तिकडे कचोरी चांगली मिळते, हे कांताबाईला ठाऊक आहे. त्या गल्ल्या तिनं सगळ्यात शेवटी ठेवल्यात.