डावीकडची मागची काच

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि गाडीबद्दल बोलतो नवरा. तो चाकणला गाड्यांच्या कंपनीत दारांच्या लाइनवर आहे. लग्नाच्या आधीपासून डावी दारं बसवतोय. लायसन्स मात्र काढलेलं नाही. "दार बसवणं माझं काम, दाराच्या आत बसणं तुझं," असं वर मलाच ऐकवतो. मी लातूरकडची, ऐकून घेणाऱ्यातली नव्हे, पण ते असो.

गाडी जुनी आहे. दिवाळीच्या सुमारास तिची मागची डावी काच बंद पडली. बटण दाबलं की दाराच्या पोटात 'टक्' व्हायचं आणि पुढे काही नाही. काच वर, घट्ट मिटलेली. आता एका मागच्या काचेचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण ती जागा माझ्या सासूबाईंची.

आईंना गाडी लागते. एसी लावला की जास्तच. पुढे बसवलं तर समोरून येणारे कंटेनर बघून त्या डोळे मिटतात आणि मोठ्याने देवाचं नाव घेतात, म्हणजे मग माझंही लक्ष रस्त्यावरून उडतं. उजवीकडे बसवलं तर चाकण रस्त्यावरच्या ट्रकांचा सगळा धूर त्यांच्याच तोंडावर. त्यामुळे डावीकडे, मागे, काच पूर्ण खाली आणि गालात आवळासुपारी, एवढ्या बंदोबस्तात त्या मोशीहून चाकणपलीकडे माहेरी पोचायच्या.

माहेरी त्यांची थोरली बहीण. लग्न गावातल्या गावातच झालेलं, म्हणून त्या तिथेच राहिल्या. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. आक्का गेल्या पावसाळ्यात घसरून पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. दोघी दवाखान्यात भेटल्या तेवढ्याच. डॉक्टरांनी सांगितलं, आता चाला. आक्का म्हणाल्या, पायावर माझा भरवसा न्हाई. तेव्हापासून वॉकर भिंतीला टेकून उभा आणि आक्का ओट्यावरच्या खुर्चीत. सुना-नातवंडांनी विनवण्या करून झाल्या, पण ओट्याच्या पायऱ्या काही त्या उतरल्या नाहीत.

बहिणी रोज फोनवर बोलायच्या, म्हणजे भांडायच्या. "तू येत न्हाईस." "तू चालत न्हाईस." हिवाळ्यात एकदा मी आईंना बंद काचेच्या गाडीतूनच न्यायला निघाले. चाकणच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलो आणि त्यांना ज्या उलट्या सुरू झाल्या, की मागे फिरावं लागलं. घरी येऊन त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला फार वाईट वाटलं. मग चैत्रातली गावची यात्रा जवळ आली तशी त्यांनी अट घातली, "खिडकी उघडली तर यीन, न्हाईतर न्हाई."

मी नवऱ्याला म्हटलं, जगाची दारं बसवतोस आणि आईची एक काच होत नाही? घाव वर्मी बसला असावा, कारण त्याच गुरुवारी काम निघालं. आमच्या एमआयडीसीत रविवार गुरुवारी येतो. कारखान्यांची सुट्टी असते आणि सगळे बाप्ये पार्किंगमध्ये काहीतरी खोलून बसलेले असतात. मी पोहे खाली नेले आणि असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात तसं झालं. बघ्यांची कमी नव्हती. पण काम करणारे तिघेच: नवरा, समोरच्या फ्लॅटमधले वायरिंगवाले भाऊ आणि तळमजल्यावरचे क्वालिटीवाले काका. तिघे तीन कंपन्यांतले, पण नियम एकच. ज्याचं स्टेशन, म्हणजे लाइनवरचं ज्याच्या वाट्याचं काम, त्यानेच हात लावायचा.

पहिलं स्टेशन नवऱ्याचं, दाराची आतली पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढायची. तिथेच घोडं अडलं. तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारासमोर उकिडवा बसून राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"अगं, आम्ही बसवतो. काढत नाही कधी."

मी हसले नाही. निदान त्याच्यासमोर तरी नाही. एक क्लिप तुटली, एक उडून नाल्यात गेली, पण पॅड निघाली. मग वायरिंगवाले भाऊ पुढे आले. ते रत्नागिरीकडचे, गाणं म्हटल्यासारखं बोलतात. त्यांनी दोन वायरी लावून बघितल्या आणि म्हणाले, "करंट येता हां, मोटारच मेली." नवरा जुन्या स्पेअरच्या दुकानातून तशीच दुसरी मोटार घेऊन आला. काच टेपने वर चिकटवून मेलेली मोटार काढली, आणलेली बसवली. आईंनी गॅलरीतून विचारलं, "झालं का रं?" आणि भाऊंनी बटण दाबलं. काच कुरकुरत, पण सरळ, खाली गेली. माझ्या जिवात जीव आला.

आता बंद करा आणि हात धुवा, असं मी म्हणणार, तोवर क्वालिटीवाले काका चष्मा लावून पुढे सरसावले. त्यांनी काच वरखाली केली. रबरावरून बोट फिरवलं. दार उघडून आपटलं, पुन्हा उघडलं. दाराच्या कडेला एक बारीकशी कळ असते, तीही खाली-वर करून बघितली.

"काका, काचच बिघडली होती फक्त," मी म्हटलं.

"वहिनी, फायनल इन्स्पेक्शन चालू आहे. मधे बोलायचं नाही."

शेवटी त्यांनी खिशातून पिवळा मार्कर काढला आणि दाराच्या आतल्या पत्र्यावर बरोबरची खूण केली. कंपनीत करतात तशी. त्या खुणेशिवाय, म्हणाले, गाडी गेटबाहेर जात नाही.

यात्रेच्या दिवशी नवऱ्याची शिफ्ट होती, त्यामुळे आम्ही दोघीच निघालो. आई डावीकडे, मागे, काच खाली. चाकणच्या चौकात पुन्हा अडकलो. मी आरशात बघत होते. त्या मजेत बाहेर तोंड काढून एका गोदामाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "हितं आमच्या बाचा कांदा असायचा." पोट शांत होतं. मी मनातल्या मनात तिन्ही स्टेशनांना हात जोडले.

गावात पोचलो. आक्कांच्या ओट्यासमोर गाडी थांबवली आणि मी डिकीतून पुरणपोळ्यांचा डबा काढायला मागे गेले. तेवढ्यात आतून आवाज आला, "अगं, दार उघडंना!"

आई आतून हँडल ओढत होत्या आणि दार ढिम्म. काच सुरळीत, दार बंद! दारवाल्या नवऱ्याचा मी मनात उद्धार केला आणि ओरडले, "थांबा, बाहेरून उघडते." पण ओट्यावरून आक्कांनी ते ऐकलंच नाही. त्यांना दिसली ती फक्त अडकलेली बहीण.

"आगं, कोंडली ती! कुणीतरी बघा!" म्हणत त्या खुर्चीतून उठल्या. सून धावली, तिचा हात त्यांनी झटकला. कठडा धरून एक पायरी उतरल्या. मग दुसरी. मी डबा हातात धरून जिथल्या तिथे उभी राहिले. दार उघडायला माझी दोन पावलं पुरली असती. मी ती टाकली नाहीत.

आक्का अंगणातून गाडीच्या पत्र्याचा आधार घेत आल्या आणि उघड्या खिडकीतून दोन्ही हात आत घालून त्यांनी बहिणीचं तोंड धरलं.

"किती वाळलीस गं."

"आन् तू चालत आलीस की," आई म्हणाल्या.

आक्कांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं, मग मागे पायऱ्यांकडे. दोघी रडायला लागल्या. मीही रडले, डब्यासकट. बराच वेळ त्या तशाच खिडकीतून बोलत होत्या, एक आत, एक बाहेर, आणि दार उघडायचं कुणालाच सुचलं नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये काकांनी दार तपासलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ती कडेची कळ म्हणजे लहान मुलांसाठीचं लॉक. एकदा लावलं की दार आतून उघडत नाही. काकांनी ते चालतंय का बघितलं आणि परत काढायचं राहून गेलं. "सॉरी वहिनी, माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं," म्हणत ते कळ फिरवायला वाकले.

"राहू द्या तसंच," आई गाडीतूनच म्हणाल्या. "पुढल्या खेपंला गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायची हाय. आक्काला तितपर्यंत चालवायचीय."