श्यामरावनं कापलेला टायर

मोहाडीच्या अलीकडं, धानाला पाणी नेणारा नहर जिथं रस्ता ओलांडतो, तिथून हाकेच्या अंतरावर श्यामरावचं टायरचं दुकान. दुकान म्हणजे काय हो, चार बल्ल्या, वर टिनं, एक हवेची टाकी आणि पुढं लाकडी बाकडं. पण त्या बाकड्याचा रुबाब विचारू नका. आसपासचा जो म्हणून मोटारसायकलवरून आपटला, तो हाडं जुळली की पहिला तिथं येऊन बसायचा आणि आपण कसे पडलो ते सांगायचा. घरी बायको ऐकून घेत नाही, म्हणून इथं.

इश्वरचंच घ्या. बाजारोबाजार बांगड्यांच्या पेट्या बांधून फिरणारा माणूस. लाखनीच्या पुढं ट्रकच्या हवेनं गाडीसकट खड्ड्यात गेला, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि पेटीतली एक बांगडी फुटली नाही. हे त्यानं कमीत कमी शंभर वेळा सांगितलं असेल आणि शंभरही वेळा प्रफुल्ल म्हणाला असेल, "म्हंजे माल पक्का होता, वाहणाराच कच्चा होता ना बे!"

हा प्रफुल्ल कुरिअरची पार्सलं वाटायचा. वय पंचविशीचं, तोंड पन्नाशीचं. रानडुकरावर एकदा, शेळीवर एकदा आणि काहीच नसताना दोनदा पडलेला. त्याचं एकच शास्त्र होतं. "वळणाच्या मोडावर ब्रेक दाबला तो गेला. गाडी आडवी लेटवाची. तुमाले टायरचा भरोसा पाहिजे, बस." असं म्हणून तो आपल्या मागच्या टायरच्या कडा दाखवायचा, पार टोकापर्यंत घासलेल्या. ज्याच्या टायरच्या कडा शाबूत, तो भित्रा, असं त्याचं मत. मरता मरता वाचलेला माणूस शहाणा होत असेल असं आपल्याला वाटतं. या बाकड्यावर तरी तसा कोणी बसलेला दिसला नाही.

श्यामराव स्वतः काही सांगायचा नाही. तो कापायचा. टायर गोटा झाला, वरची नक्षी पुसून गुळगुळीत झाला, की लोक त्याच्याकडं गाडी आणायचे. तो पातं तापवायचा आणि त्या गुळगुळीत रबरात नव्या खाचा पाडायचा, अशा सफाईनं की दुरून टायर नवाकोरा वाटावा. आसपासच्या वीस गावांत असा हात कोणाचा नाही, असं लोक म्हणायचे आणि श्यामरावला ते ऐकायला फार आवडायचं. खाच पडते ती उरल्यासुरल्या रबरातच, हे त्याला कळत होतं. कापून घेणाऱ्यांनाही कळत होतं. पण नक्षी दिसली की मोडावर जीव घाबरत नाही, एवढ्यावर सगळा कारभार चालला होता.

मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, त्यानं मनिषचा टायर कापला. मनिष त्याचा जावई, तृप्तीचा नवरा. गावोगाव विजेच्या मीटरचं रीडिंग घेत फिरणारा सरळ पोरगा. तो म्हणत होता, "मामाजी, नवाच टाकून घेतो." श्यामरावलाच सासरेपणाची हौस. "मी असतानी जावयानं टायर इकत घ्यावा? लोक काय म्हणतीन जी?" कापताना एका जागी पातं खोल गेलं. हाताला कळलं. आतले धागे दिसले न दिसल्यासारखे झाले. त्यानं वरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "जा जी, बिनधास्त."

चौथ्या दिवशी, भुरभुर पावसात, नहराच्या मोडावर मनिषची गाडी घसरली आणि तो पुलाच्या कठड्यावर आदळला. जागीच गेला.

आता त्याच वाटेनं थोडा वेळ आधी गावातला यादोराव चिखलणीचा ट्रॅक्टर घेऊन गेला होता. धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, फिरणाऱ्या त्या लोखंडी चाकांना चिखल लागून येतो, तो डांबरावर पडतो आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. म्हणून गावात रिवाजच आहे, ट्रॅक्टर रस्त्यावर काढला की ड्रायव्हरनं उतरून फावड्यानं रस्ता खरवडायचा. यादोराव सांगत सुटला, "मी खरवडला होता जी, दोन गुंड भरून पाणीबी टाकलं." पण ऐकतो कोण! सारं गाव एका तोंडानं म्हणालं, यादोरावच्या चिखलानं पोराचा जीव घेतला. पोलिसांनी दोनदा बोलावलं, सोडून दिलं. गावानं सोडलं नाही. त्याचा ट्रॅक्टर कोणी बांधीत बोलवेना.

तेरवी झाल्यावर श्यामरावनं मनिषच्या गाडीचं मागचं चाक खोललं. टायर त्यानंच पाडलेल्या खाचेतून वीतभर फाटला होता. त्यानं तो टायर मागं काट्यांत ठेवला आणि होळीला पोरं लाकडं मागायला आली तेव्हा त्यांना देऊन टाकला. कोणाला काही बोलला नाही.

तृप्ती माहेरी येऊन राहिली. रत्नाबाई, श्यामरावची बायको, जाऊन सहा वर्षं झालेली. घरात बाप आणि लेक. श्यामरावला रडू आलं नाही. झोप उडाली नाही. पुढ्यात भात आला की खायचा, नाही आला तर मागायचा नाही. एकदा टायर काढताना लोखंडी पट्टी अंगठ्यावर बसली, रक्त चपलेवर पडलं आणि इश्वर ओरडला तेव्हा त्याला कळलं. लोक म्हणाले, बिचारा जावयाच्या दुःखानं बधिर झाला. बिचारा कसला! भेवला होता. सांगितलं तर तृप्ती उठून जाईल, आणि तिला जायला दुसरं घर नव्हतं, त्याला दुसरं माणूस नव्हतं. आणि अजून ऐका, कापणं त्यानं सोडलं नाही. सोडलं असतं तर लोकांनी 'काहून' म्हणून विचारलं असतं.

असे नऊ महिने गेले. चैत्रातल्या एका सकाळी यादोराव ट्रॅक्टर घेऊन दुकानापुढं उभा राहिला. पुढच्या चाकाची हवा गेली होती. बाकड्यावरची बांगडीची गोष्ट अर्ध्यात थांबली.

श्यामरावनं चाक खोललं, ट्यूब काढली, पाण्याच्या टाक्यात बुडवली. प्रफुल्लला गप्प बसवेना. तो इश्वरकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "चांगल्यात चांगला चालवणाराबी काय करन बाप्पा, मोडावर कोणाचा चिखल पडून असला तं?"

यादोराव चाकाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दुपारी बपेऱ्याचा माणूस येऊन राहिला, ट्रॅक्टर इकत घेऊन जाते. आमी भंडाऱ्याले पोराकडं चाललो. मंग तुमाले माहं तोंड नाही दिसत. झालं ना समाधान?"

पाण्यात बुडबुडे येत होते. श्यामराव त्यांच्याकडं बघत होता. त्याला वाईट वाटलं असं म्हणावं तर तेही नाही. काहीच वाटत नव्हतं. तोंड आपोआप उघडल्यासारखं उघडलं.

"चिखल नव्हता," तो म्हणाला. "मनिषचा टायर मी कापला होता. पातं खोल गेलं. तिथूनच फाटला. यादोरावचा काही गुन्हा नाही."

 मग इश्वर उठला. वाटलं, यादोरावपाशी जाईल, हात धरेल. तो आपल्या गाडीमागं गेला, गुडघ्यावर बसला आणि टायरच्या खाचेत नख घालून बघू लागला. प्रफुल्लही उठला. "माहा कधी कापला होता, श्यामभाऊ? दिवाळीत ना? किती खोल गेल्तं?" भरोशाचं शास्त्र शिकवणारा तो शहाणा जमिनीला गाल लावून टायर तपासत होता! लाज वाटायला पाहिजे होती रे तुम्हाला. नऊ महिने ज्याला शिव्या घातल्या तो माणूस समोर उभा होता आणि त्याच्याकडं एकानंही मान वळवली नाही.

यादोरावनंच विचारलं, "काहून नाही सांगितलं?"

"भेवलो," श्यामराव म्हणाला.

त्यानं ट्यूबला ठिगळ लावलं, चाक बसवलं, हवा भरली. यादोराव ट्रॅक्टर घेऊन गेला. श्यामरावनं दुकान तसंच उघडं टाकलं आणि घराकडं निघाला. गावाच्या तोंडून तृप्तीला कळण्याआधी आपण पोचावं एवढंच त्याला सुचत होतं.

ती ओसरीवर तांदूळ पाखडत होती. दारात उभं राहूनच त्यानं सगळं सांगितलं. खोल गेलेलं पातं, फिरवलेला अंगठा, 'बिनधास्त' म्हणाला ते, होळीत दिलेला टायर. काही ठेवलं नाही. सूप थांबलं. ती ओरडेल, सूप फेकून मारेल, कपडे भरायला लागेल, याची वाट बघत तो उभा राहिला.

ती म्हणाली, "नऊ महिने मी शकुनकाकूले नळावर पाणी नाही भरू देलं."

शकुनबाई म्हणजे यादोरावची बायको.

"काय?"

"मी नळावर गेली का ती आपला गुंड उचलून मांग सरकते. माहं भरून झालं का मंग येते. कधी येतच नाही, नहरावरून आणते. मीच म्हटलं होतं तिले, सगळ्या बायांसमोर. म्हटलं, तुमच्या चिखलाचे हात माह्या पाण्याले नोको." तिनं सूप खाली ठेवलं. "साठ वर्साची बाई हाये, बाबा. एकदाबी उलटून नाही बोलली."

 तृप्तीनं चपला घातल्या.

"चला. ते जाऊन राहिले ना आज. पयले तुमी सांगा, मंग मी बोलीन."

ती आपल्याजवळ राहणार की नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही. दोघं मागंपुढं चालत गेले. यादोरावच्या आंगणात खाट उभी करून ठेवली होती, भांड्यांची पोती बांधलेली होती. शकुनबाई नळावरचं पाणी घेऊन येत होती, कमरेवर पितळेचा गुंड होता. तिनं वाटेत तृप्तीला बघितलं आणि सवयीनं, आपल्याच आंगणात, वाट सोडून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"काकू..." तृप्ती म्हणाली.

शकुनबाई खाली मान घालून तशीच उभी होती, पोरीनं पुढं जावं म्हणून थांबलेली. तिच्याकडं बघता बघता जावई गेल्यापासून न रडलेला श्यामराव यादोरावच्या दारात मातीत बसून हमसाहमशी रडायला लागला.