टिनातल्या बाईचं पदक

ढाणकीत कुणी जुन्या नाटकांचा विषय काढला की हमखास सांगतात, शाळेच्या संमेलनात टिनाचा यंत्रमानव आपल्या शिंप्यानं काय झकास केला होता. सांगणाऱ्यांतले अर्धे तेव्हा जन्मलेलेही नव्हते. मी समोर बसलेली असले तरी सांगतात. मी ऐकून घेते, मग माझं डोकं फिरतं आणि मग मी भलत्याच गिऱ्हाइकावर ओरडते. तर एकदा लिहूनच ठेवते. टिनाच्या आत मी होते.

मी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. सासरचा वाटा म्हणून हातात आलं ते एक टोपलं. त्या टोपल्यातून मी ढाणकीच्या बाजारात पक्की जागा केली आणि पुढं उमरखेडलाही बसू लागले. आमच्या धंद्याचा एक कायदा आहे. गिऱ्हाइकानं गाठोडं सोडायचं, आपण कापड उजेडात धरून कुठं विरलंय ते पाहायचं. घासाघीस होते, शिव्याही होतात. पण गिऱ्हाइकानं भांडं उचललं की सौदा पक्का. मग भांड्याला चीर निघो की कोटाच्या खिशात अंगठी निघो, कुणी तोंड उघडायचं नाही. हा कायदा मी जन्मात मोडला नाही. नडला तो मलाच.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. शाळेतले एक मास्तर दुपारी मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवत. भांड्यांचा ठोक व्यापारी चिठ्ठीत काय लिहितो ते कळावं म्हणून मी जात असे. मास्तर बाराखडीला कंटाळले की स्वतः लिहिलेल्या गोष्टी वाचून दाखवत. चंद्रावर उतरलेली माणसं, समुद्राच्या तळाशी वसलेली गावं, असलं काहीतरी. एका दुपारी त्यांनी दोन हजार सालातल्या घराची गोष्ट काढली. त्या घरात एक यंत्रमानव होता. तो सकाळी झाडतो, पाणी भरतो, भाकरी थापतो, मालकाचे पाय चेपतो. जेवत नाही, झोपत नाही, उलटून बोलत नाही.

"म्हंजे सून हाय," तांड्यावरून येणारी एक म्हातारी म्हणाली.

"नाही आजी, यंत्र आहे. त्यात बाई-पुरुष असं काही नसतं."

"मंग भाकरी कायले थापून राह्यलं?"

"कामासाठीच बनवलंय ना त्याला."

"नांगर धरला असता त मानूस म्हनलं असतं," म्हातारी म्हणाली. "भाकरी थापते म्हंजे बाईच. कुंकू लावते का नाही, थे सांग."

मास्तरांनी कुंकवाचा विचार केलेला नव्हता. मी विचारलं, "मास्तर, मालक हाय, मालकाचा पोरगा चंद्रावर गेला हाय. दोन हजार सालात घरातल्या बाया कुठं गेल्या?"

मास्तरांनी वही मागंपुढं चाळली. खरंच एकही बाई नव्हती. "त्या आराम करत असतील," ते म्हणाले. वर्ग एवढा हसला की शेजारी चाललेले पाढे बंद पडले.

त्या वर्षी संमेलनात ह्याच गोष्टीचं नाटक करायचं ठरलं. मास्तर माझ्याकडं आले, कारण जुने टिनाचे डबे गावात सगळ्यात जास्त माझ्याकडं. भाड्यानं हवे होते.

"भाडं नको," मी म्हणाले. "आत मी राहीन."

"बाई, संमेलनात बायका स्टेजवर येत नाहीत. समितीचा नियम आहे."

"यंत्र बाई हाय का?"

"नाही."

"तुमच्या तोंडानं म्हनलं तुमी. मंग नियम मले कायले लागते?"

मी स्टेजवर जायचं का म्हणाले, ते सांगते. बाजारात रोज शंभर माणसं माझ्याकडं बघत, पण भाव विचारायला बघत. भाव न विचारता कुणी घटकाभर माझ्याकडं पाहत बसावं, एवढीच हौस होती. बाकी काही नाही.

मास्तर सरळ माणूस. त्यांनी माझा मुद्दा जसाच्या तसा समितीपुढं ठेवला. समितीचे पाच जण अर्धा दिवस बसले. यंत्र पुरुष असेल तर पुरुष काम करणार, ह्यावर वाद नव्हता. यंत्र बाई असेल तरीही पुरुषच करणार, कारण नाटकातली बाई पुरुषानंच करायची असते. दोन्हींतलं काहीच नसेल तर काय, हे मात्र नियमात कुठं नव्हतं, आणि तिथंच मी उभी होते. मला तिथून हटवायला एकच रस्ता होता. त्यांनी हात वर करून ठराव केला की यंत्र बाई आहे. कारण दिलं, भाकरी थापते.

म्हणजे यंत्र बाई ठरलं आणि त्याच क्षणी माझं काम गेलं. ते शिंप्याला मिळालं. तो दहा वर्षं गावातल्या सगळ्या नायिका करत होता. कंबर बारीक, मिशी दर नाटकाला उतरवायचा आणि रडायचा असा की बायका त्याच्याकडून शिकाव्यात.

पण मी धंद्याची बाई. समिती बसली त्याच दिवशी मी कल्हईवाल्याकडं जाऊन टिनाचं सगळं अंग माझ्या मापानं कापून घेतलं होतं. मी पाच फुटांच्या आत. शिंप्यानं तालमीत आत शिरून पाहिलं. डोकं गेलं, एक खांदा गेला, दुसरा गेला नाही आणि पहिला परत निघेना. एरंडीचं तेल ओतून दोघांनी ओढला. नवं कापायला गावात टिन उरलं नव्हतं, कारण होतं तेवढं मी उचललं होतं.

मग समितीनं मला बोलावलं आणि सौदा झाला. टिनात मी चालायचं. पडद्याआडून बोलायचं शिंप्यानं, बाईच्या आवाजात. मी तोंड उघडायचं नाही आणि काहीही झालं तरी टिनाचं डोकं लोकांसमोर काढायचं नाही. मी कबूल म्हणाले आणि समितीसमोर टिनाचं डोकं उचललं. आयुष्यात एवढा एकच सौदा केला ज्यात माझ्या पदरात काय पडणार, हे मी विचारलं नाही.

तालमीचं काय सांगू? समितीनं यंत्राला बाई ठरवलेलं, म्हणून टिनावर लुगडं नेसवलं, कपाळावर शेंदरी रंगाचं कुंकू काढलं. मास्तर सांगत, यंत्रासारखं चाला. शिंपी सांगे, "बाई, जरा बाईसारखं चाला."

"मी बाईच हाव."

"हाव म्हनून काय झालं? दिसून नाही राह्यलं ना. कंबर पाहा माही," म्हणत तो चालून दाखवी. मास्तर म्हणत, कंबर नको, यंत्राला कंबर नसते. मग दोघांचं भांडण सुरू. मी आत घामानं भिजत उभी. झाडूवरूनही शिंपी बोलायचा. मी डावखुरी. तो म्हणे, "बाया उजव्या हातानं झाडतात." मी ऐकलं नाही. माझा सौदा तोंडाचा आणि डोक्याचा होता, हाताचा नव्हता.

नाटक दुपारी ठेवलं होतं, तांड्यांवरच्या लोकांना उजेडात परतता यावं म्हणून. पुसदहून एक बडे पाहुणे आले होते आणि उत्कृष्ट स्त्री-भूमिकेसाठी पदक देणार होते. मालकाचं काम सोडावॉटरच्या गाडीवाल्याकडं. मी डोळ्यांच्या फटीतून पाहिलं तर आख्खं गाव माझ्याकडं बघत होतं आणि भाव कुणी विचारत नव्हतं. मी झाडलं, घागर भरली, भाकरी थापली. मागून शिंप्याचा नाजूक आवाज यायचा, "आज्ञा मालक, काम झालं मालक."

शेवटच्या प्रवेशात मालक यंत्राला म्हणतो, हस. यंत्र हसत नाही. तेव्हा मालक त्याला पायानं जरा ढकलतो आणि यंत्र बंद पडतं. असं लिहिलं होतं. तालमीत सोडावाला नुसता पाय लावायचा. त्या दिवशी गर्दी पाहून त्याच्या अंगात आलं आणि त्यानं मला लाथ मारली. अशी की मी चुलीवर आपटले आणि टिनाला पोचा आला.

मी उठले. हातात लाटणं नव्हतं, भाकरीचा तवा होता. डाव्या हातानं दिला त्याच्या पाठीत. तो पळाला, मी मागं. दोनदा चुलीला चक्कर झाली. टिनाचा आवाज म्हणजे भांड्यांची गाडी उलटल्यासारखा. पडद्याआड शिंप्याला काय बोलावं सुचेना. दहा वर्षांत त्याच्या कुठल्याच नायिकेनं नायकाला मारलं नव्हतं. शेवटी तो आपला बारीक आवाजात ओरडत राहिला, "काम झालं मालक! काम झालं मालक!"

लोक उभे राहिले. माझ्या वर्गातली तांड्यावरची म्हातारी बाकावर चढून म्हणत होती, "आता हसलं पाह्य व ते!"

पाहुणे स्टेजवर आले. म्हणाले की यंत्राच्या मनातली बाई जागी झाली, हा क्षण विसरता येणार नाही. आणि पुढं म्हणाले, "स्त्रीचा संताप इतका खरा दाखवणं हे पुरुष नटाला फार अवघड असतं." टाळ्या पडल्या. पाहुणे पदक घेऊन माझ्याजवळ आले आणि टाचणी लावू लागले. टाचणी टिनात कशी जाणार? लुगड्यात लावायला पाहिलं तर तव्याच्या धावपळीत लुगडं सुटून चुलीत अडकून राहिलेलं. दोन टाचण्या वाकल्या.

"कलावंतानं जरा मुखवटा काढावा," पाहुणे म्हणाले.

मी फटीतून मास्तरांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. नियम मोडून बाईला स्टेजवर आणली हे पाहुण्यांसमोर उघड झालं असतं तर समितीचे पाचही जण बाजूला सरून उभे राहिले असते आणि निस्तरायला एकटे मास्तर उरले असते. मला त्यांची दया आली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला फार राग आला होता. माझे दोन्ही हात टिनाच्या डोक्याला लागलेही होते. पण ते डोकं मी समितीसमोर उचललं होतं. भांडं उचललं होतं. मी हात खाली घेतले.

मास्तरांनी पडद्याआडून शिंप्याला ओढून आणलं. म्हणाले, "हे आमचे कलावंत. भूमिका ह्यांची. यंत्र नुसतं आहे." शिंपी आधी माझ्याकडं बघत होता, मग पदकाकडं बघू लागला. त्यानं छाती पुढं केली. टाचणी लगेच गेली. त्याच्या अंगात कापडाचा कोट होता.

मी तिथंच उभी. नुसतं यंत्र.

त्या दिवसापासून शिंपी तो कोट पदकासकट घालून बाजारात फिरू लागला. एकदा मी त्याला अडवलं. म्हणाले, "भाऊ, लाथ मी खाल्ली, तवा मी मारला."

"तवा तू मारला, हाव," तो म्हणाला. "पन पदक तव्याचं नाही, स्त्री-भूमिकेचं हाय. तू भूमिका कुठं केली? तू तर हायेस."

ह्याला काय उत्तर द्यायचं ते मला दोन दिवसांनी सुचलं. तेव्हा तो उमरखेडला लग्नाचे कपडे शिवायला गेला होता.

वर्ष-दोन वर्षं अशी गेली. एका बाजारच्या दिवशी शिंप्याची बायको गाठोडं घेऊन माझ्या जागेवर आली. गाठ सोडली तर वर तोच कोट. कोपर विरलेलं, कॉलर काळी. छातीवर पदक तसंच.

"हे काढून घे," मी म्हणाले.

"कायले काढू? पदकासकटच देऊन राह्यली. मले पितळेचा गुंड पायजे."

गुंड म्हणजे पाणी भरायचा मोठा हंडा. असल्या कोटाला जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, छोटा गंज, साधं पातेलं देतानाही मी हात आखडला असता. "डोकं फिरलं का तुहं? ह्या कोटाचं पायपुसनं होनार नाही."

"कोटाचं मी मांगूनच नाही राह्यली." तिनं इकडंतिकडं पाहिलं. "मी म्होरंच बसली होती त्या दिवशी. टिनातल्या बाईनं झाडू डाव्या हातानं मारला. माह्या घरी त थ्यानं कोनत्याच हातानं मारला नाही. आता बोल, गुंड देतं का मी उमरखेडले जाऊ?"

"त्याले माहीत हाय?"

"थो इच्यारन त सांगीन, बाईचे कपडे विकायचा अधिकार बाईले असते. भूमिका कोनाची होती? बाईचीच ना?"

मी घासाघीस केली. अर्धा तास केली. माझी हौस तिला दिसली होती, आणि गिऱ्हाइकाला हौस दिसली की दुकानदार मेला. मी लहान गुंड दाखवला, तिनं मोठा धरला. मी शिवी दिली, तिनं परत दिली. वर झाकण मागितलं. गुंडाला झाकण कोण देतं? मी दिलं.

तिनं गुंड उचलला. सौदा पक्का.

ती दिसेनाशी झाल्यावर मी पदक काढून खिळ्यानं कडेला घासून पाहिलं, कारण कुठलाही माल घासून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. वर सोनेरी मुलामा, आत टिन. मग ते पदरावर लावलं. टाचणी पहिल्या झटक्यात गेली.

शेजारचा मिरचीवाला म्हणाला, "मावशे, हे त शिंप्याचं पदक. तुह्याजवळ कसं आलं?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "विकतं का?"

पदक अजून माझ्याकडं आहे. माझ्याच पदकासाठी मी पितळेचा मोठा गुंड दिला, त्याचंही आता काही वाटत नाही. पण झाकण द्यायला नको होतं.