पंधरा की पन्नास

दिपमाला तायडे पिंप्राळ्याहून स्कूटीवर जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात नर्सच्या ड्यूटीला जाते. लिहिलेलं इंग्रजी तिला जड जात नाही. बोललेलं मात्र कानावरून निघून जातं. त्यात नवे डॉक्टर बाहेरच्या राज्यातले, मराठी न येणारे आणि भरभर बोलणारे.

मार्चमधल्या एका दुपारी चोपड्याहून दाखल झालेल्या सुंदरबाईंची साखर चारशे बारा निघाली. दिपमालाने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी इन्सुलिनचा आकडा सांगितला. तिला ऐकू आलं ‘फिफ्टी’. परत विचारावं असं वाटलं, पण गेल्याच आठवड्यात ते सगळ्यांसमोर वैतागले होते, “सिस्टर, हाऊ मेनी टाइम्स?” ती “यस सर” म्हणाली.

सिरिंज चाळीस युनिटची. ती भरून तिने टोचली. उरलेल्या दहासाठी दुसरी फोडताना हात थांबला. एका वेळी दोन सिरिंज तिने आजवर कुणालाच दिल्या नव्हत्या.

तिने पुन्हा फोन लावला. “सर, वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?”

“वन फाइव्ह. फिफ्टीन. व्हाय?”

“सर, फॉर्टी गिव्हन.”

त्यांनी लगेच ग्लुकोज लावायला सांगितलं आणि आपली गाडी दवाखान्याकडे वळवली.

दर पंधरा मिनिटांनी ती सुंदरबाईंच्या बोटाला टोचत होती. तीनशे. दोनशे दहा. एकशे वीस. ग्लुकोज चालू असूनही आकडा उतरतच होता. चार वाजता सुंदरबाई घामाने भिजल्या. “बेटी, माले कसंतरी व्हई ऱ्हायनं.” आकडा अठ्ठावन्न. तोवर पोचलेल्या डॉक्टरांनी ग्लुकोज स्वतः शिरेत सोडलं. दिपमाला सुंदरबाईंचा गार हात धरून बोलत राहिली. “अक्का, शेतातली केळी निघाली का? नातीचं नाव काय?” उत्तराला उशीर झाला की ती तोच प्रश्न पुन्हा विचारायची.

सात वाजता आकडा एकशे साठवर टिकला. तिला मेमो मिळाला. फोनवर आकडा परत म्हणवून घेतला नाही, ही आपली चूक डॉक्टरांनीही त्यात लिहिली.

सकाळी तिने सुंदरबाईंना सांगून टाकलं, “अक्का, काल औषध माझ्या हातून जास्त गेलं.”

सुंदरबाईंनी तिच्या हातातल्या सिरिंजकडे पाहिलं. “आते आज कितलं देशी?”

“बारा. एक आणि दोन.” तिने डॉक्टरांनी लिहिलेला आकडा कागदावर दाखवला.

“मंग दोन डाव वाची ले,” म्हणत त्यांनी दंड पुढे केला.