शाळेच्या इंटरनेटची दवंडी

आता गावोगावी दवंडी रिक्षावरच्या भोंग्यातून देतात. तरी "ऐका हो ऐका" कानावर पडलं की माझं डोकं भणभणायला लागतं. सोबतचे लोक म्हणतात, मॅडम, पाण्याची सूचना आहे, तुम्ही कशाला तापता? त्यांना काय सांगायचं!

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मंठ्याहून जीपला लटकून जावं लागायचं अशा एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवत होते. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा नारळ फुटला, स्क्रीनला हळदीकुंकू लागलं, मुख्याध्यापकांच्या मिसेसनी जुन्या चादरीची झाकणं शिवून दिली. खोलीबाहेर चपला काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही. मी सुट्टीत जालन्याला एक कोर्स केलेला, त्या पुण्याईवर ही खोली माझ्या गळ्यात पडली. चावी मात्र मुख्याध्यापकांच्या खिशात. जबाबदारी माझी, चावी त्यांची, अशी वाटणी होती.

लाइट असली आणि टेलिफोनची तार धड असली की इंटरनेट लागायचं. एकेक चित्र वरून खाली असं उतरायचं की मुलं श्वास धरून बघायची. त्यांच्यात नववीतली एक मुलगी होती. मी प्रश्न पुरा करायच्या आत तिचा हात वर असायचा. तिचे वडील जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये भट्टीवर होते, सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर घरी यायचे. एकदा शाळेत येऊन मला म्हणाले होते, "मॅडम, आमच्या मिलमधी कॉम्प्युटरवर बसनारे थंड खोलीत बसतेत. दहावी झाली की हिला जालन्याला नेतो, डिप्लोमाला घालतो. माझी पोरगी त्या खोलीत बसली पाह्यजे." भट्टीपुढं उभ्या राहणाऱ्या माणसानं लेकीसाठी थंड खोली मागावी, यात सगळं आलं. मी त्यांना शब्द दिला होता की मी तिला तयार करते.

एके दिवशी आम्ही ग्रहांची चित्रं शोधत होतो. माउस तिच्या हातात. चित्र उतरता उतरता मध्येच एक जाहिरात उघडली. पोहायच्या कपड्यातली एक बाई, काहीतरी विकत होती. पोरीनं घाबरून बंद करायला फुली दाबली, तर दुसरी खिडकी उघडली, मग तिसरी. मुलं फिदीफिदी हसायला लागली. मी सरळ वायर उपटली. झालं, एवढंच. त्याहून उघडी चित्रं मंठ्याच्या बसस्टँडवरच्या पिक्चरच्या पोस्टरवर असायची आणि तिथून सगळं गाव दर बाजाराला भाजी नेत होतं.

पण मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं आणि त्यांना घाम फुटला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आणि भित्र्या माणसाच्या हातात अधिकार असला की तो वाईट माणसाहून जास्त नासाडी करतो, हे मी तेव्हा शिकले. त्यांनी जालन्याहून एक माणूस बोलावून फिल्टर बसवून घेतला. मग ग्रहांची चित्रं उघडेनात, मानवी शरीर उघडेना, पचनसंस्थासुद्धा उघडेना. लॉटरीच्या जाहिराती मात्र सुखरूप येत होत्या. तसा आमच्या शाळेत फिल्टर जुनाच होता म्हणा. प्रजननाचा धडा आला की माझ्या आधीचे गुरुजी "हा घरी वाचा" म्हणून पान उलटायचे. आता तेच काम मशीन करायला लागलं, एवढाच फरक.

मी एवढंही सोसलं असतं. पण सरांना वाटलं, हे गावाला कळवायला पाहिजे.

"मॅडम, कारभार पारदर्शक पाहिजे. उद्या कुणी म्हणू नये शाळेनं लपवलं."

"सर, कुणी काही म्हणतच नाही. गावाला इंटरनेट खातात की पितात तेही ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू द्या."

"असं कसं? तालुक्यात कोणत्या शाळेत फिल्टर आहे का? लोकांना कळलं पाहिजे, आपण किती दक्ष आहोत."

त्यांनी ग्रामपंचायतीला लिहून दिलं की शाळेतील संगणकावर अनुचित मजकूर रोखणारी यंत्रणा बसविण्यात आली आहे, तरी पालकांनी निश्चिंत राहावे. तो कागद कोतवालाच्या हातात गेला. कोतवालाचं काम असं की शेवटच्या घरातल्या म्हातारीलाही कळलं पाहिजे. "अनुचित" आणि "यंत्रणा" तिला कळणार नाही, म्हणून त्यानं कुणाला तरी अर्थ विचारला आणि सरळ करून सांगितलं. मी सकाळी जीपमधून उतरत होते तेव्हा डफडं वाजलं.

"ऐका हो ऐकाऽऽ! शाळंतल्या कंपूटरमधी नागड्या बाया दिसू राह्यल्त्या, त्या हेडमास्तरनं बंद केल्या होऽऽ! पोरीयच्या मायबापानं बिलकुल घाबरू नये होऽऽ!"

हापशावर पाणी भरणाऱ्या बाईनं दांडा तसाच हवेत धरला. पारावरचे म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. मी तिथंच रस्त्यात उभी राहिले. कोतवालाचा मला राग नाही आला, त्यानं त्याचं काम चोख केलं. राग आला तो ज्यांनी डफडं हातात दिलं त्यांचा. जे गावाला माहीतच नव्हतं ते गल्लोगल्ली फिरून सांगितलं आणि वर म्हणे घाबरू नये!

दुसऱ्या दिवशी मुलींचे बाक ओस पडले. मुलं सगळी हजर, अगदी कधी न येणारीसुद्धा. हळूहळू बहुतेक मुली परत आल्या. ती आली नाही. माउस कुणाच्या हातात होता ते मुलांनी घरी सांगितलं होतं आणि गोष्टीला पाय फुटले होते. आधी तिच्या हातून उघडलं, मग तिनं मुद्दाम उघडलं, मग ती रोज बघायची. माझ्याबद्दलही बोलले लोक, पण मला पगार होता, बदली होती. तिला काय होतं?

सुट्टीचा दिवस बघून मी तिच्या घरी गेले. वडील बाजेवर बसले होते. आईनं चहा टाकला. मुलगी आतल्या दाराशी उभी राहिली, पुढं आली नाही.

"भाऊ, तिचा काही दोष नाही. जाहिरात आपोआप आली. माझ्यासमोर झालंय सगळं," मी म्हणाले.

"मला ठाव हाय, मॅडम. पोरीवर बी भरोसा हाय अन् तुमच्यावर बी. पर गोष्ट मिलपत्तोर आली. भट्टीवरच्या मानसानं इचारलं, तुमच्या गावात म्हनं असं झालं, कोनाची पोरगी व्हती? काय सांगू त्याला, माझी व्हती?" त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "एक काम करा. जशी ती दवंडी दिल्ती, तशी अजून एक द्या. पोरीचा कसूर न्हाई, जाहिरात आपसूक आल्ती, शाळंनं सोता पाह्यलं, एवढंच बोला. उद्याच धाडतो तिला."

दाराशी उभी असलेली ती तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मॅडम, सर देतील ना दवंडी?"

मी म्हणाले, देतील. का नाही देणार?

सरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "विषय मिटलाय, मॅडम. पुन्हा कशाला उकरायचा? आणि मुलीचं नाव असं चारचौघांत घेणं बरं दिसतं का? तिचीच बदनामी होईल."

"नाव नका घेऊ. कुणाही विद्यार्थ्याची चूक नव्हती, एवढंच म्हणा."

"मग लोक विचारतील, चूक कुणाची होती?"

बोलून गेले आणि स्वतःच खिडकीबाहेर बघायला लागले. मी जे बोलले ते सगळ्या स्टाफरूमनं ऐकलं. काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द मी आजही मागं घेणार नाही. ग्रामपंचायतीत गेले, तर म्हणाले शाळेचं पत्र आणा. शाळेचं पत्र म्हणजे त्यांचीच सही. चोराच्या हातात जामदारखान्याच्या चाव्या म्हणतात, ते हेच.

उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मी पुन्हा गेले. म्हणाले, भाऊ, अजून वय नाही, दहावी तरी होऊ द्या. त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "दवंडी झाली काय, मॅडम?" मी तिथून उठले. चौकीत गेले, तर तिथल्या साहेबानं मलाच समजावलं की गावच्या लग्नात बाईमाणसानं पडू नये, आणि फारच असेल तर मुलीच्या वयाचं मुख्याध्यापकांकडून लेखी आणा. सगळ्या वाटा फिरून त्याच टेबलाशी येत होत्या.

लग्नाला जायचं नव्हतं, पण तिनं निरोप पाठवला होता, म्हणून गेले. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी माइकवर आशीर्वादाची भाषणं होतात. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. मग मुख्याध्यापकांना बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर आहेराची शाल. त्यांनी माइक हातात घेऊन तिचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

"ही माझी विद्यार्थिनी म्हणजे आमच्या शाळेचं रत्न. हुशार, निर्मळ. तिच्याकडं कुणी बोट दाखवावं असं तिच्या हातून कधी काही घडलं नाही. हे मी शाळेचा मुख्याध्यापक म्हणून सर्वांसमक्ष सांगतो."

भोंगे चारी दिशांना बांधलेले होते. शेवटच्या घरातल्या म्हातारीलाही ऐकू गेलं असेल. तिचे वडील फेटा बांधून उभे होते, त्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

मी उठून उभी राहिले. "सर! हेच पाहिजे होतं आम्हाला! हे तेव्हा बोलला असतात तर ती आज शाळेत असती!"

शेजारच्या बायकांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. एक म्हणाली, "मॅडम, शुभ टायमाला असं बोलू न्हाई." माइक भटजींच्या हातात गेला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाआड, बाशिंगाखाली तिनं मान वर केली. सरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. सरांनी हातातल्या अक्षता टाकल्या. मग सगळ्या गावानं टाकल्या.